चौथा शनिवार

चौथा शनिवार. बँक बंद.
मिशन इस्पितळातली मोराग म्हणाली,
तीन महिने मी नुसते मणके बघितले,
आज मला हात दाखव.
तिला म्हणायचं होतं, हातानं काम करणारी माणसं.
तिचं मराठी असंच,
चुकतं, आणि नेमकं लागतं.

मिरजेत, इनायतभाईंच्या माळ्यावर
भोपळे टांगलेले,
अजून कंठ न फुटलेल्या पोरांसारखे गप्प.
मंगळवेढ्याकडचे, त्यांनी सांगितलं, कडू.
गोड असते तर भाजी झाली असती.
मग एका तंबोऱ्याच्या तारेखाली
सुताचा धागा सरकवला, केसभर मागे,
केसभर पुढे,
आणि नुसती वाजणारी तार
एकाएकी बोलायला लागली.
मोरागनं किंमत विचारली.
आधी ऐकून झालं का? ते म्हणाले,
आणि पुन्हा कानस हातात घेतली.

पुढे पोपटच्या जीपमधून, बेदाण्याच्या शेडांवरून,
ढालगाव मागे टाकून, माळावर.
मेंढरांनी रस्ता अडवला.
पोपट हॉर्नवर हात ठेवणार, तोवर मोराग खाली.
आमच्याकडे पण, म्हणाली, हेच ट्रॅफिक.

म्हाळाप्पाचा माग खड्ड्यातला.
कमरेपर्यंत माणूस जमिनीत,
वर दोन हात, धोटा, आणि चिंचोक्याच्या खळीचा वास.
काळी घोंगडी बोट-बोट पुढे येत होती.
मोरागनं ती गालाला लावली.
टोचली असणार. तिनं तशीच धरून ठेवली.
माझा आजा, ती म्हणाली, लग्नाला
लोकरीचा घागरा घालून नाचायचा.
बाप्या माणूस? लकाबाईनं पदर तोंडाला लावला,
मग बाया काय करायच्या?
हसायच्या, मोराग म्हणाली.

म्हाळाप्पा हसला नाही.
नातवाला खूण करून ट्रंकेतून काढायला लावला
बापाचा अंगरखा, पांढरा, घेराचा,
डांबरगोळ्यांच्या वासाचा.
गज खेळताना ह्यो फुगायचा, तो म्हणाला,
छत्रीवानी.

नाच दाखवते, मोराग म्हणाली, पण आठ माणसं लागतात.
लिंबाखाली मोजदाद झाली.
ती, मी, पोपट, लकाबाई, दोघी सुना,
शेजारचा दहावी नापास विलास.
सात.
सगळे खड्ड्याकडे बघायला लागले.
माझं गुडघं गेल्यात, म्हाळाप्पा म्हणाला.
मोराग कडेला मांडी घालून बसली,
त्याचा पाय मांडीवर घेतला,
वाटी दाबली, वळवली, डोळे मिटून,
इनायतभाई तार ऐकतात तशी.
कुठं गेले नाहीत, म्हणाली. इथंच आहेत.

चार-चार समोरासमोर. हात धरायचे, सोडायचे,
पाठीमागून जायचं, पुन्हा आपल्या जागी.
पोपट दर वेळी दुसऱ्याच्याच जागी.
बाजा कसला? मोराग तोंडानंच लारालारा करत होती,
धाप लागली की सूर बुडायचा.
नातवाला राहवेना. त्यानं ढोल काढला.

ढोल पडला आणि सगळं बदललं.
म्हाळाप्पानं रुमाल झटकला,
पाऊल मागे घेतलं, थांबवलं,
मग टाकलं.
मोराग त्याच्या पुढे धावत होती.
त्यानं तिला थांबवून विचारलं, ही कुठली घाई?
ती गडबडली.
इस्पितळात तो शब्द ती रोज ऐकते,
घाई आहे सिस्टर, घाई आहे.
मीच सांगितलं तिला, मलाही लकाबाईकडून
नुकतंच कळलं होतं,
गजात पावलांच्या चालीला घाई म्हणतात.
एक संथ घाई असते,
एक त्याहून संथ.

मग आम्ही त्याच्या घाईनं नाचलो.
कोणाची नक्कल होती, कोणाचा नाच,
सांगता येणार नाही.
अंगरखा फुगला. छत्रीइतका नाही,
पण फुगला.

मोरागनं घोंगडी घेतली. पैसे मोजताना
लकाबाईनं वीस रुपये परत केले,
का, ते सांगितलं नाही.

सोमवारी काउंटरवर रांग दारापर्यंत.
माझ्या साडीला अजून एक काळा केस चिकटलेला.
काचेपलीकडून कोणी म्हणालं,
मॅडम, जरा घाई आहे.
टेबलाखाली माझं पाऊल मागे गेलं,
थांबलं.
कुठली, असं मी विचारणारच होते.